फोटोसोबत कोणती माहिती द्यावी आणि कोणती टाळावी

तुमचा फोटो भिगवणचा, होडीतून टिपलेला, उडत्या फ्लेमिंगोंचा. खाली एकच ओळ होती, ‘कसा वाटला?’ उत्तरं आली ती ‘अप्रतिम’, ‘मस्त कॅच’ आणि तिघाचौघांचं ‘शार्प नाही’. आता तुम्ही विचारताय की पुढच्या वेळी सगळा एक्झिफ (कॅमेरा फोटोच्या फाईलमध्ये आपोआप नोंदवतो ती माहिती) खाली डकवला तर कामाचे अभिप्राय येतील का.

थोडा फरक पडेल, फार नाही. एक्झिफमध्ये फर्मवेअरच्या (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या) आवृत्तीपासून सगळं असतं, त्यातल्या सहा-सात गोष्टीच वाचणाऱ्याला लागतात. आणि ज्या सगळ्यात जास्त लागतात त्या त्यात नसतातच. होडी डुलत होती, तुम्हाला उभं राहता येत नव्हतं, पक्षी किती लांब होते, फ्रेम किती कापली, हे कॅमेरा सहसा नोंदवत नाही. म्हणून निवड करताना एक बघा: फोटोतल्या दोषाची दोन-तीन कारणं संभवत असतील, तर त्यातलं खरं कुठलं हे कशावरून ठरेल? ते लिहा. फोटोत दिसतंच आहे ते परत लिहायची गरज नाही.

‘शार्प नाही’ हेच घ्या. एवढ्या दोन शब्दांमागे निदान पाच वेगळे आजार असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

हात किंवा होडी हलली असेल तर सगळी फ्रेम एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसते. पाण्यावरचे चमकणारे ठिपके बघा, ते ठिपके न राहता बारीक रेघा झालेले असतात. पक्ष्याच्या हालचालीने झालेला धूसरपणा वेगळा: डोळा आणि मान ठीक, पंखांची टोकं पुसलेली. फोकस चुकला असेल तर पक्षी मऊ, पण त्याच्या अलीकडचं किंवा पलीकडचं पाणी कुठेतरी खणखणीत असतं. चौथा प्रकार तापलेल्या हवेच्या थरथरीचा. कडा लाटेसारख्या वाकड्या होतात, एकाच बर्स्टमध्ये (एका दमात काढलेल्या फोटोंच्या मालिकेत) एक फ्रेम बरी आणि पुढची वाईट येते, आणि शटरचा वेग कितीही वाढवला तरी फरक पडत नाही. पाचवा म्हणजे फार जास्त क्रॉप (फ्रेम कापणं) किंवा नॉईज रिडक्शनने (दाणेदारपणा पुसणाऱ्या एडिटिंगने) पिसांचा पोत धुऊन निघणं.

तुम्ही नंतर दिलेले आकडे असे: क्रॉप सेन्सर (फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरहून लहान), ४०० मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर एफ/६.३, शटर १/३२० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २००, सकाळी सव्वासात. वेळ आधीच लिहिली असती तर हवेच्या थरथरीची शक्यता जवळजवळ बाद झाली असती आणि त्यावरची चर्चाही टळली असती. आता उरलेलं गणित करून बघू. पक्षी १२० मीटरवर होते असं तुम्ही म्हणता. फुल फ्रेमहून दीडपट लहान (१.५ क्रॉप) सेन्सरवर ४०० मिमी लेन्स तेवढ्या अंतरावर सुमारे ७ मीटर रुंदीचा पट्टा पकडते. सेन्सर ६००० पिक्सेल रुंद असेल तर एक पिक्सेल म्हणजे सव्वा मिलीमीटरच्या आसपास. पक्षी ताशी ५० किमीने आडवा जातोय असं धरलं आणि कॅमेरा त्याच्यासोबत फिरवला नाही, तर १/३२० सेकंदात तो ४ सेंटिमीटरहून जास्त सरकतो, म्हणजे ३५ ते ४० पिक्सेल. १/२००० वर तेच सहा पिक्सेलांवर येतं. कॅमेरा सोबत फिरवलात तर शरीर धूसरपणातून सुटेल, पंख नाही सुटणार. शिवाय ढोबळ नियमाने शटर १ भागिले (लेन्सचे मिमी गुणिले क्रॉप) इतकं तरी हवं: ४०० मिमी गुणिले १.५ म्हणजे ६००, तेव्हा हातातून स्थिर फोटोसाठीच निदान १/६०० हवं होतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरतं, पक्ष्याचा वेग नाही.

मग शटरचा वेग वाढवता यावा म्हणून ‘आयएसओ वाढवा’ हा सल्ला बरोबर ठरतो, आणि किती वाढवायचा तेही सांगता येतं: १/३२० वरून १/२००० म्हणजे सव्वासहा पट कमी प्रकाश, म्हणून आयएसओ २०० चा १२५०. हल्लीच्या कुठल्याही कॅमेऱ्याला हे जड नाही. तुमचा फोटो जर १/२५०० वर काढलेला असता तर हाच सल्ला निव्वळ अंधारात मारलेला दगड ठरला असता, दोष मग फोकसमध्ये शोधावा लागला असता. त्यासाठी फोकसचा मोड आणि पॉइंट कुठे होता हेही लागतं. कंटिन्युअस फोकस (हलत्या पक्ष्यावर सतत जुळत राहणारा) होता की सिंगल (एकदाच जुळणारा), मधला एक पॉइंट की कॅमेऱ्याने स्वतः निवडलेला? बहुतेक लोक हे लिहायचंच विसरतात.

आता न लिहायच्या गोष्टी. कॅमेऱ्याची किंमत, लेन्स नवी आहे हे, पहाटे तीनला पुण्याहून निघालो हे. कष्ट खरेच असतात, पण ते फोटोत उतरत नाहीत. उलट वाचणारा अवघडतो आणि गोड बोलून मोकळा होतो. अडचण मात्र जरूर लिहा. ‘तीनला उठलो’ हे कष्ट, ‘होडीत बसूनच राहावं लागलं, त्यामुळे कॅमेरा पाण्यापासून मीटरभर उंचीवरच होता’ ही अडचण. दुसऱ्या वाक्यामुळे कुणी तुम्हाला ‘थोड्या उंचीवरून घ्यायला हवा होता’ असं सुचवून स्वतःचा वेळ घालवणार नाही. जे बदलता येत नव्हतं ते एका ओळीत, आणि जे बदलता येत होतं पण तुम्ही मुद्दाम तसंच ठेवलं ते दुसऱ्या ओळीत.

ही दुसरी ओळ फार महत्त्वाची. वारीतल्या गोल रिंगणात धावता अश्व १/३० वर पॅन करून (कॅमेरा त्याच्यासोबत फिरवत) टिपला तर मागचे वारकरी आडव्या रंगीत पट्ट्यांसारखे पुसले जातात, अश्वाचे पायही पुसले जातात, आणि तोंड जेमतेम स्पष्ट राहतं. हाच परिणाम हवा होता, की १/१००० लावायचं राहून गेलं? फोटोवरून कळत नाही. पहिल्या बाबतीत उत्तर असेल ‘१/६० वर करून बघा, तोंड जास्त स्पष्ट येईल आणि पार्श्वभूमी तरी पुसलेलीच राहील’, दुसऱ्या बाबतीत ‘शटर वाढवा’. हेतू न सांगता दोघांनी दोन उत्तरं दिली की प्रश्नकर्ता म्हणतो, लोकांत एकमत नाही. एकमत नसायला आधी प्रश्न तरी एक हवा.

हेतू सांगावा, पण कधी सांगावा यावर मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना तथ्य आहे. वर लांबलचक मजकूर वाचून फोटो पाहिला की माणूस तुम्ही सांगितलेलं शोधायला लागतो. ‘आजीच्या डोळ्यातला एकटेपणा’ असं शीर्षक दिलंत की एकटेपणा दिसणारच. तांत्रिक दोष विचारायचा असेल तर सगळी माहिती पहिल्यापासून द्या, त्यात झाकण्यासारखं काही नाही. फोटो स्वतःच्या बळावर उभा राहतो का हे बघायचं असेल तर आधी फक्त फोटो आणि ‘तुमची नजर पहिल्यांदा कुठे गेली?’ एवढाच प्रश्न, आणि चार-पाच उत्तरं आल्यावर हेतू व बाकी तपशील. स्पर्धेला पाठवायच्या फोटोसाठी तर हीच पद्धत बरी, कारण तिथे परीक्षकासमोर तुमचं स्पष्टीकरण नसतं.

आधीच माफी मागून ठेवायची सवयही सोडा. ‘नवशिक्या आहे, सांभाळून घ्या’ म्हटलं की लोक खरंच सांभाळून घेतात, आणि मग तुमच्या हाती काही लागत नाही.

क्रॉप. माझ्या मते सगळ्यात जास्त लपवली जाणारी गोष्ट हीच. अंतिम फोटोसोबत न कापलेली फ्रेम जोडा, छोटी असली तरी चालेल. तुमच्या उदाहरणात सात मीटर रुंद पट्ट्यात दीड मीटर पंखांचा फ्लेमिंगो फ्रेमच्या जेमतेम पाचव्या हिश्शात बसतो. फोटोत तो दुप्पट मोठा दिसतोय, म्हणजे रुंदी अर्धी आणि उंची अर्धी कापलेली आहे. २४ मेगापिक्सेलचे ६ उरले. धूसरपणाही त्याच पटीत मोठा झाला. न कापलेली फ्रेम असली की आणखी एक फायदा: कापण्याची दुसरी रीत सुचवता येते. उजव्या कडेला अर्धा कापला गेलेला पक्षी मूळ फ्रेममध्ये पूर्ण असेल तर प्रश्न तिथेच मिटतो.

एडिटिंगही आकड्यांत लिहा, ‘थोडं एडिट केलंय’ याला अर्थ नाही. एक्स्पोजर किती ढकललं, शॅडो किती उचलल्या, क्लॅरिटी (कडा-बारकावे उठवणं), डीहेझ (धुरकटपणा काढणं), नॉईज रिडक्शन किती. आयएसओ २०० असूनही आकाश दाणेदार का दिसतं याचं उत्तर बहुधा इथे असतं: तीन स्टॉप (आठपट) अंधारा काढून नंतर उजळलेला फोटो नॉईजच्या बाबतीत आयएसओ १६०० सारखाच वागतो. सह्याद्रीच्या कड्यांभोवती पांढरी झालर दिसत असेल तर बहुधा डीहेझ किंवा क्लॅरिटी जास्त झाली आहे. काही जोडलं, पुसलं किंवा एआयने भरलं असेल तर तेही स्पष्ट सांगा. नसलेल्या पक्ष्याच्या फोकसवर चर्चा करायला लावणं बरं नाही.

मोबाईलवाल्यांनी कॅमेऱ्याचं मॉडेल लिहून थांबू नये. कुठली लेन्स, नाईट मोड होता का, पोर्ट्रेट मोड होता का, हे हवं. केसांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या दिसतात तो पोर्ट्रेट मोडचा बनावट ब्लर. लेन्सला दोष देऊन उपयोग नाही. नाईट मोड अनेक फ्रेम जोडतो, त्यामुळे चालत्या माणसाच्या दोन-दोन पुसट प्रतिमा येतात. आणि एक मेख: कमी उजेडात बरेच फोन ३ एक्स दाबलं तरी मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतात. एक्झिफमधली फोकल लेन्ग्थ (लेन्सचा मिमीचा आकडा) ते उघड करते.

एक्झिफ टिकायला मात्र हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात की तो दाबला जातो आणि एक्झिफ गळून पडतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाईल जशीच्या तशी जाते. स्क्रीनशॉट कधीच नको. एक्स्पोर्ट करताना एसआरजीबी (बहुतेक स्क्रीनना चालणारी रंगपद्धत), लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग क्वालिटी ८० ते ८५ पुरते. अ‍ॅडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीत ठेवलेला फोटो काही स्क्रीनवर मळका दिसतो आणि मग लोक ‘रंग फिके’ म्हणतात, जे खरं नसतं. जुन्या मॅन्युअल लेन्सचं अ‍ॅपर्चर एक्झिफमध्ये सहसा येत नाही, ते हाताने लिहा.

डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाईलमध्ये जीपीएसही जातं, हे लक्षात ठेवा. घरातल्या, लहान मुलांच्या फोटोंतून ते काढून टाका. घरट्याची किंवा दुर्मीळ प्राण्याची जागा तर कधीच देऊ नका. अभिप्रायासाठी ठिकाण लागतही नाही, सूर्य कुठल्या बाजूला होता ते लागतं.

व्यक्तिचित्रांत माहितीचा भर प्रकाशावर असावा. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशसमोर लावायची पांढऱ्या पडद्याची पेटी) एक मीटरवर मऊ प्रकाश देतो, तोच तीन मीटरवर नेला की नाकाची सावली कडक होते, म्हणून आकार आणि अंतर दोन्ही लिहा. खिडकीचा उजेड असेल तर खिडकी कुठल्या हाताला आणि चेहऱ्यापासून किती. ८५ मिमी, एफ/१.८, दीड मीटर अंतर, फुल फ्रेम असेल तर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर मिळते. एक डोळा स्पष्ट आणि दुसरा मऊ का, ते हे चार आकडे वाचून कुणीही सांगेल.

तुमच्या फ्लेमिंगोंसाठी मजकूर साधारण असा हवा होता:

‘पहिला फोटो अंतिम, दुसरा न कापलेला. क्रॉप सेन्सर, ४०० मिमी, एफ/६.३, १/३२०, आयएसओ २००, कंटिन्युअस फोकस, मधला पॉइंट. सकाळी ७:१५, विरळ धुकं, सूर्य माझ्या पाठीमागे डावीकडे. होडी थांबलेली पण डुलत होती, बसूनच काढला. थवा १२० मीटरवर, त्याहून जवळ जाणं टाळलं. रुंदी-उंची अर्धी क्रॉप. एक्स्पोजर +०.७, नॉईज रिडक्शन ४०. बारा बाय अठरा इंची प्रिंट काढायची आहे. धूसरपणा शटरचा की फोकसचा? उजवीकडचा अर्धा पक्षी ठेवावा का?’

नव्वद शब्दसुद्धा नाहीत. प्रिंटचा उल्लेख आहे म्हणून कुणीतरी लगेच सांगेल की ३००० पिक्सेलची रुंदी अठरा इंचांवर पसरली की इंचाला १६७ पिक्सेलच पडतात. ३०० हवे असतील तर प्रिंट दहा इंचांवर थांबवावी लागेल. हा सल्ला फोटो नुसता पाहून कुणालाच देता आला नसता.

अभिप्रायानंतर सुधारलेली आवृत्ती टाकाल तेव्हा जुनी शेजारी ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. क्रॉप, रंग आणि शार्पनिंग तिन्ही एकदम बदलले की फोटो सुधारला कशाने ते तुम्हालाही कळणार नाही. बर्स्टमधल्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमा अजून पुसल्या नसतील तर त्याही जोडा. पंख वर असतानाची एखादी फ्रेम या निवडलेल्या फ्रेमहून स्पष्ट निघायची शक्यता बरीच आहे, कारण वरच्या टोकाला पंख क्षणभर थांबतो.