एका रेणूचं कंपन मोजलं, हे कशावरून?

तुम्ही म्हापशाहून विचारलंय, की टनेलिंग मायक्रोस्कोपची सुई रेणूला शिवतही नाही, मग एकट्या रेणूचं कंपन मोजल्याचं कशावरून मानायचं? मी फोंड्यात बीएस्सीला भौतिकशास्त्र शिकवतो. मला स्वतःला हे एका पुराव्यामुळे पटलं.

आधी तत्त्व. सुई रेणूवर स्थिर धरून व्होल्टेज हळूहळू वाढवतात. बहुतेक इलेक्ट्रॉन सुई आणि रेणूखालचा धातू यांमधली फट ऊर्जा न गमावता पार करतात, यालाच टनेलिंग म्हणतात. व्होल्टेज कंपनाच्या ऊर्जेइतकं झालं, की काही इलेक्ट्रॉन तेवढी ऊर्जा रेणूला देऊन जातात आणि जाण्याची आणखी एक वाट उघडते. रायबंदर–चोडण मार्गावर एक जादा फेरीबोट सोडावी तसं. वाहकता जेमतेम काही टक्के वाढते, प्रवाहाच्या आलेखात ते डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून लॉक-इन अॅम्प्लिफायरने (ठरावीक वारंवारतेचा बारीक संकेत गोंगाटातून वेगळा काढणारं उपकरण) प्रवाहाचं दुसरं अवकलज, म्हणजे आलेखाचा उतार किती झपाट्याने बदलतो ते, काढतात. त्यात शिखर उमटतं.

आता पुरावा. 1998 साली कॉर्नेल विद्यापीठात विल्सन हो, स्टाइप आणि रेझाई यांनी तांब्यावरच्या अॅसिटिलीनचं असं मोजमाप 8 केल्व्हिनला केलं. कार्बन-हायड्रोजन बंधाच्या ताणाचं शिखर 358 मिलिव्होल्टला आलं. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घातल्यावर ते 266 वर सरकलं. अणू जड, म्हणून कंपन मंद. साध्या प्रतिमेत दोन्ही रेणू सारखेच दिसतात, पण 358 वर काढलेल्या नकाशात फक्त हायड्रोजनवाला उजळतो आणि 266 वर फक्त ड्युटेरियमवाला. सुईचा दोष किंवा तांब्याचा स्वतःचा गुण असता, तर शेजारी-शेजारी बसलेले रेणू असे वेगळे ओळखू आले नसते. हे मला फार सुंदर वाटतं.

थंडी अटळ आहे, कारण शिखराची रुंदी साधारण 5.4 केटी असते (के म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक, टी म्हणजे तापमान). 8 केल्व्हिनला ती चार मिलिव्होल्टच्या आत राहते, खोलीच्या तापमानाला 140 च्या घरात जाते. निर्वातही अत्युच्च लागतो. आपल्या पावसाळी हवेत तर धातूवर पाण्याचा थर लगेच बसतो.

त्यामुळे हा प्रयोग तुमच्या कॉलेजात होणार नाही. पण विभागात लॉक-इन असेल, तर साध्या डायोडवर डीसीबरोबर छोटं एसी व्होल्टेज द्या आणि दुप्पट वारंवारतेचा संकेत मोजा. तो दुसऱ्या अवकलजाच्या प्रमाणात असतो. वर सांगितलेलं शिखर याच पद्धतीने काढतात.