तुमचा कॉम्प्लेक्सच काम करतोय कशावरून?

खानापूरच्या मित्राचा प्रश्न थोडक्यात असा: उत्प्रेरक म्हणून पॅलेडियमचा नवा कॉम्प्लेक्स (धातूला लिगँड, म्हणजे त्याला धरून ठेवणारे रेणू, जोडलेलं संयुग) केला, ५ मोल टक्के (दर १०० रेणूंमागे ५) वापरून ११० अंशांवर सुझुकी कपलिंगमध्ये (पॅलेडियमच्या मदतीने दोन रिंगा जोडायची रिअ‍ॅक्शन) ९५ टक्के यील्ड मिळालं. गाइड म्हणतात आता सबस्ट्रेट (जोडायचे रेणू) बदलून टेबल भरा. एवढ्यावर पीएच.डी. होईल का, आणि एनएमआर (रेणूची रचना ओळखायची चाचणी) कुठं करू?

पीएच.डी. होईल की, न व्हायला काय झालं! अशा टेबलांवर कितीतरी झाल्यात. पण मी परीक्षक असलो तर पहिला प्रश्न शीर्षकातलाच विचारेन.

आधी हिशेब बघा. ५ मोल टक्के आणि ९५ टक्के यील्ड म्हणजे पॅलेडियमच्या एका अणूमागे सरासरी १९ रेणू जोडले गेले. जोडायचा एक तुकडा अरिल ब्रोमाइड (ब्रोमीन लागलेली रिंग) असेल तर साधा पॅलेडियम अ‍ॅसिटेट लिगँडशिवाय ०.१ मोल टक्क्याच्या खालीही हे काम करतो. या क्षेत्रातले लोक त्याला गमतीने ‘होमिओपॅथिक’ पॅलेडियम म्हणतात. मग तुमच्या लिगँडने नेमकं काय केलं?

११० अंशांवर बरेच कॉम्प्लेक्स टिकतच नाहीत. हेरमान आणि बेलर यांचा १९९५ चा पॅलॅडासायकल (पॅलेडियम रिंगेतच अडकवलेला कॉम्प्लेक्स) गाजला, पण पुढे दिसलं की तो तापल्यावर फुटून हळूहळू शून्य संयुजेचं पॅलेडियम सोडतो आणि खरं काम तेच करतं. त्याहून मजेशीर प्रकरण धातूशिवाय सुझुकी झाल्याच्या २००३ मधल्या दाव्याचं. त्याच गटाने २००५ मध्ये स्वतःच शोधून काढलं की बाजारातल्या सोडियम कार्बोनेटमध्ये ५० पीपीबीच्या (अब्जात ५० भागांच्या) आसपास पॅलेडियम होतं, तेवढं पुरलं. २०२१ मध्ये पॅलेडियमऐवजी अमाइनने (नायट्रोजनच्या एका संयुगाने) सुझुकी केल्याचा एक मोठा पेपर मागे घ्यावा लागला, कारण अमाइन बनवतानाच पॅलेडियम आत शिरलं होतं.

तुमचा मॅग्नेटिक बार उजेडात धरून बघा. पांढऱ्या टेफ्लॉनवर करडी झाक असेल तर आधीच्या रिअ‍ॅक्शनचं पॅलेडियम तिथं बसलेलं आहे. अ‍ॅक्वा रेजियाने (तीव्र आम्लांच्या मिश्रणाने) धुतला तरी ओरखड्यांतलं सगळं जात नाही. म्हणून नवा बार, नवा फ्लास्क घेऊन कॉम्प्लेक्स न घालता एक ब्लँक लावा. दुसरी लावा नुसत्या पॅलेडियम अ‍ॅसिटेटची. मग दर दहा मिनिटांनी थोडा नमुना काढून जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) यील्डचा आलेख काढा. सुरुवातीला काहीच न होता एकदम वेग आला, तर कॉम्प्लेक्स मोडून दुसरंच काही तयार होतंय असा संशय घ्या. पाऱ्याची टेस्ट (पारा घातल्यावर रिअ‍ॅक्शन थांबली तर काम सुट्या पॅलेडियमचं, असं मानतात) सगळे करतात, पण पारा काही कॉम्प्लेक्सनाही खातो, त्यामुळे एकट्या तिच्यावर विसंबू नका.

कॉम्प्लेक्स मोडत असेल तरी निराश व्हायचं कारण नाही. कधी मोडतो, कशाने मोडतो, ६० अंशांवर ब्रोमाइडऐवजी अरिल क्लोराइड घेतलं तर टिकतो का, हाच तुमचा खरा थिसिस. टेबल त्यानंतर भरा. पॅलेडियम कमी वापरणं हौसेचं नाही. बीपीच्या लोसार्टनमधला दोन रिंगांचा बंध सुझुकीने जोडला गेलाय, आणि तोंडी औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम पोटात जाऊ नये अशी मर्यादा आहे.

आता आपल्याकडची अडचण. जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटीकडची हवा म्हणजे ओला टॉवेल. फॉस्फिनची (हवेने बिघडणाऱ्या फॉस्फरसच्या लिगँडची) कामं शक्यतो दिवाळीनंतर घ्या. बेळगावच्या उद्यमबागेत टिग वेल्डिंगवाल्यांना येतो तो आर्गॉन चालतो, फक्त श्लेंक लाइनच्या (हवा काढून आर्गॉन भरायच्या काचेच्या नळ्यांच्या) आधी मॉलिक्युलर सीव्हचा (ओल शोषणाऱ्या खड्यांचा) कॉलम जोडा, आणि सीव्ह व्हॅक्यूमखाली चांगले तापवून घ्या. बाटलीतून काढून तसेच भरले तर काही उपयोग नाही.

एनएमआरला धारवाडचं सैफ (कर्नाटक विद्यापीठातलं उपकरण केंद्र) जवळ पडतं. मात्र साध्या टोपीच्या ट्यूबमध्ये नमुना भरून सकाळची बस धरलीत, तर नंबर लागेपर्यंत आत हवा गेलेली असेल. ट्यूब आर्गॉनखाली भरून ज्योतीने सील करा, नाहीतर टेफ्लॉन व्हॉल्व्हची घ्या. प्रोटॉनबरोबर फॉस्फरसही मागा. लिगँड ट्रायफिनाइलफॉस्फिन असेल तर मोकळा उणे ५ पीपीएमला दिसतो, त्याचा ऑक्साइड २९ च्या आसपास. २९ ला पीक आलं तर कॉम्प्लेक्सवर शंका घेण्याआधी ट्यूब कशी भरली होती ते आठवा, आणि स्पेक्ट्रम इथं टाका, बघू.