सहा वर्षांची लेक आणि वीस बाजूंचा फासा

"शनिवारी रात्री मी मित्रांबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सहा वर्षांची लेक मागे लागली म्हणून तिलाही बसवलं. अर्ध्या तासात गॉब्लिन नावाच्या छोट्या राक्षसानं तिचं पात्र मारलं आणि ती रडत उठली. आता परत खेळू या म्हणते. माझी आई म्हणते, पोरीच्या हाती फासे देऊ नकोस, जुगाराची सवय लागेल. घाई होतेय का?"
– एक बाबा, पुणे

प्रिय बाबा,

रडत उठलेली मुलगी परत खेळू या म्हणतेय, म्हणजे गोष्ट तिला आवडलीय. झेपले नाहीत ते नियम. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली आला तो युद्धखेळ खेळणाऱ्यांच्या जगातून. आजही नवख्यांसाठीच्या स्टार्टर सेटच्या खोक्यावर १२ वर्षांपुढे असंच छापलेलं असतं. तेव्हा पुस्तक, हिट पॉइंट म्हणजे पात्राचा जीव किती उरला त्याचे आकडे, पात्राचा तो गच्च भरलेला कागद सध्या कपाटात ठेवा.

लुडोतला साधा फासा घ्या. चार, पाच, सहा पडले तर जमलं, नाहीतर काहीतरी घोटाळा झाला. नियम एवढाच. दिवाळीच्या किल्ल्यावरची चित्रं माळ्यावरून खाली काढा आणि तिला हवं ते निवडू द्या. वाघ व्हायचंय? होऊ दे. गडाचे दरवाजे बंद व्हायची वेळ झालीय आणि गवळणीचं वासरू रानातच राहिलंय, इथून सुरुवात करा. मग विचारा, "तू काय करतेस?" आणि गप्प बसा. आपल्या मोठ्यांना हेच जमत नाही, लगेच सुचवायला लागतो. सुचवलंत की ती पुन्हा नुसती ऐकणारी होते.

फासा फसला तरी गोष्ट अडता कामा नये. ओढा ओलांडताना दोन पडले, तर "बुडालीस" म्हणायचं नाही. "पलीकडे पोचलीस, पण कंदील वाहून गेला. अंधार पडलाय. आता?" या वयात पात्र मेलं म्हणजे आपणच मेलो असं वाटतं, म्हणून मरण नकोच. लढण्याऐवजी ती लांडग्याशी बोलायला गेली तर लांडग्यानं बोलावं. वीसेक मिनिटं पुरे. चुळबुळ सुरू व्हायच्या आधीच थांबा.

आईंची काळजी उडवून लावू नका. द्यूतात काय काय गेलं हे ऐकतच त्यांची पिढी मोठी झालीय. इथे पणाला काहीच लागत नाही, हे समजावत बसण्यापेक्षा त्यांनाच खेळायला बसवा. कोडं सुटल्याशिवाय वाट न सांगणारी म्हातारी त्यांना द्या. कोडी त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त असतील.

शनिवारच्या टेबलावर मात्र इतक्यात नको. तिथे सगळे तिच्यासाठी हात राखून खेळणार, आणि ते मुलांना बरोबर कळतं. झोपायच्या आधी तुमचा वीस बाजूंचा फासा एकदा तिला टाकू द्या. भराभर वाचायला आणि मनात बेरजा करायला लागली, की पात्राचा खरा कागद तिच्यापुढे ठेवा.

– तुमची ताई