पहिला जुना गालिचा घेताय? आधी उलटा करून बघा

नवीन माणूस आधी वरची नक्षी बघून हुरळतो, मीही तेच केलं होतं आणि फसलो. तुम्ही गालिचा उलटा करा, खरी गंमत मागच्या बाजूला, तिथे एकेक गाठ दिसते. तुर्कमेन, बलुच, काश्काई अशा भटक्या टोळ्यांच्या बायका जमिनीवर खुंट्या ठोकून आडवा माग लावायच्या, मुक्काम हलला की तो अर्धवट विणलेल्या गालिच्यासकट गुंडाळून पुढे, त्यामुळे कडा थोड्या वाकड्या असल्या तर नाक मुरडू नका. यांचा ताणाही (म्हणजे मागावरचे उभे ताणलेले धागे) बहुतेक लोकरीचाच असतो, शहरी कारखान्यांत सुती जास्त. रंगात मधेच फिकट-गडद पट्टा दिसला तर त्याला अब्राश म्हणतात, लोकर थोडीथोडी रंगवायची मग छटा बदलणारच, मला तर तोच आवडतो. लाल बहुधा मंजिष्ठेचा, निळा नीळेचा. पहिला कृत्रिम रंग १८५६ चा, त्यानंतरच्या गालिच्यात तसे रंग असू शकतात, म्हणून लव (वरचे उभे लोकरीचे धागे) बोटांनी फाकवून मुळाशी बघा, वर फिकट आणि आत भडक असेल तर रंग कृत्रिम असल्याची जरा शंका घ्या. ओलं पांढरं फडकंही दाबून बघा, रंग लागतोय का ते. आणि गाठी किती बारीक यावर अडून बसू नका राव, टोळ्यांच्या कामात लोकरीची चमक बघायची.