खाण आपली, मग चुंबक परका का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे महासत्तांमधील तंत्रज्ञानाच्या स्पर्धेविषयी आहेत. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचा इंदूरमध्ये सांवेर रोडवर ई-रिक्षाच्या मोटर्स बनवण्याचा छोटा कारखाना आहे. २०२५च्या उन्हाळ्यापासून चीनमधून येणारे मॅग्नेट वेळेवर मिळत नाहीत. ‘परवाना आला की माल सुटेल’ एवढेच पुरवठादार सांगतो. हा परवाना कोणाचा? आणि रिक्षाच्या मोटरचा अमेरिका-चीन भांडणाशी काय संबंध? — एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : परवाना चीनच्या वाणिज्य मंत्रालयाचा आहे. २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने जवळजवळ सर्व देशांच्या मालावर नवे आयातशुल्क जाहीर केले आणि दोनच दिवसांनी चीनने सात दुर्मिळ मृदा धातूंच्या (रेअर अर्थ, म्हणजे मॅग्नेट व इलेक्ट्रॉनिक वस्तूंत लागणाऱ्या धातूंच्या गटातील) आणि ते असलेल्या मॅग्नेटच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. सॅमेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यट्रियम हे ते सात धातू होत. नेम अमेरिकेवर धरलेला असला तरी अट सर्वच देशांना लागू आहे, आणि म्हणून ती सांवेर रोडपर्यंत पोहोचली.

ताकदवान मॅग्नेट हा मुख्यतः निओडिमियम (हाही दुर्मिळ मृदा धातूच, पण त्या सातांत नसलेला), लोह आणि बोरॉन यांचा असतो. या मूळ मिश्रणात एक उणीव आहे : तापमान वाढले की त्याची चुंबकशक्ती ढळू लागते. साध्या ‘एन’ ग्रेडचा मॅग्नेट साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाचा असतो. त्यात थोडे डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घातले की ही मर्यादा वाढते. ‘एसएच’ ग्रेड १५० अंशांपर्यंत आणि ‘यूएच’ १८० अंशांपर्यंत टिकतो. मे महिन्यात चार प्रवासी घेऊन चढ चढणाऱ्या रिक्षाच्या मोटरमध्ये हा फरक निर्णायक ठरतो, कारण अतिउष्णतेने एकदा गेलेली चुंबकशक्ती मोटर थंड झाल्यावर परत येत नाही. चीनने अट घातली आहे ती नेमकी या मूठभर घटकांवर. डिस्प्रोशियम आणि टर्बियम नसलेला निओडिमियम मॅग्नेट या यादीत येत नाही.

परवान्यासाठी शेवटचा वापरकर्ता कोण आणि मॅग्नेट कशासाठी वापरला जाणार, हे लेखी द्यावे लागते. मला यातील सर्वांत गंभीर बाब हीच वाटते. माल उशिरा का होईना मिळाला, तरी कोणत्या देशातील कोणता कारखाना कोणत्या उत्पादनात काय वापरतो, याचा तपशील परक्या सरकारच्या दप्तरी जमा होत राहतो. शिवाय अट सुट्या मॅग्नेटवर आहे, मॅग्नेट बसवलेल्या तयार मोटरवर नाही. त्यामुळे २०२५मध्ये आपल्याकडील काही वाहन कंपन्यांनी संपूर्ण मोटरच चीनमधून आणण्याचा विचार सुरू केला. तसे झाले तर सुट्या भागांतून मोटर उभी करणाऱ्या तुमच्या भावासारख्या उद्योजकाचे कामच उरत नाही.

भावाला माझे सांगणे असे की प्रथम पुरवठादाराकडून मॅग्नेटचा ग्रेड आणि त्यातील डिस्प्रोशियमचे प्रमाण लेखी मागून घ्यावे. पुष्कळ छोट्या मोटर्समध्ये गरजेपेक्षा वरचा ग्रेड केवळ सवयीने वापरला जातो. मोटर प्रत्यक्षात किती तापते हे पूर्ण भार टाकून मोजावे, हवा खेळती ठेवणारे आवरण करता येते का पाहावे, आणि मगच खालचा, यादीबाहेरचा ग्रेड घ्यावा. काही भारतीय दुचाकी उत्पादकांनी हाच मार्ग धरला आहे. पंपासाठीही मोटर्स बनत असतील तर तेथे फेराइटचा मॅग्नेट चालू शकेल. तो बोजड आणि कमी ताकदीचा असतो, पण लोहाच्या ऑक्साइडपासून होतो आणि त्याला या धातूंची गरज नसते. मोजणी न करता घाईने ग्रेड बदलू नये, कारण पहिल्याच उन्हाळ्यात मोटर्स परत येतील.

प्रश्न : केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर या धातूंचे मोठे साठे आहेत असे आपण अभिमानाने सांगतो. मग आपण चीनकडे हात का पसरतो? — एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर

उत्तर : आपला प्रश्न मुळावरच बोट ठेवणारा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. साठे खरेच आहेत. आपल्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट हे या धातूंचे खनिज आहे आणि ते हाताळणारी सरकारी कंपनी, आजची आयआरईएल, १९५० पासून काम करते आहे. परंतु मोनाझाइटमध्ये थोरियम हा किरणोत्सर्गी धातू असल्यामुळे हा विषय अणुऊर्जेच्या कायद्याखाली गेला आणि खाजगी उद्योगाला त्यात फारसा शिरकाव मिळाला नाही. दुसरे असे की आपल्या वाळूत निओडिमियम पुरेसे असले तरी डिस्प्रोशियम आणि टर्बियम अत्यल्प आहे. हे जड धातू मुख्यतः दक्षिण चीनच्या चिकणमातीतून आणि अलीकडे म्यानमारच्या काचिन प्रांतातून येतात.

खरी अडचण मात्र खाणीनंतर सुरू होते. हे धातू रासायनिकदृष्ट्या एकमेकांशी इतके मिळतेजुळते आहेत की ते वेगळे काढण्यासाठी द्रावणाच्या शेकडो टाक्यांतून तेच काम पुन्हा पुन्हा करावे लागते, आणि त्यात आम्ल व दूषित पाणी पुष्कळ निघते. पुढे शुद्ध धातूचे मिश्रण वितळवायचे, त्याची काही मायक्रॉन जाडीची पूड करायची, ती चुंबकीय क्षेत्रात दाबायची आणि निर्वात भट्टीत हजार अंशांच्या वर भाजायची. या पुडीला हवा लागली तर ती पेट घेते. एवढे कौशल्य पुस्तक वाचून येत नाही; ते वर्षानुवर्षे भट्टीजवळ उभे राहून येते. चीन आज जगातील सुमारे ९० टक्के शुद्धीकरण करतो आणि चुंबकांतही त्याचा वाटा तितकाच मोठा आहे.

हे कौशल्य मुळात चीनचे नव्हते. निओडिमियमचा मॅग्नेट १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्समध्ये स्वतंत्रपणे विकसित झाला. जनरल मोटर्सची मॅग्नेक्वेंच ही कंपनी १९९५मध्ये चिनी भागीदारी असलेल्या गटाला विकली गेली आणि तिचे उत्पादन हळूहळू चीनला गेले. कॅलिफोर्नियातील माउंटन पास ही एके काळची जगातील प्रमुख खाण २००२मध्ये बंद पडली. कोणी हे हिसकावून नेले नाही. स्वस्त माल मिळतो आहे आणि प्रदूषण दुसऱ्याच्या दारात राहते आहे, या समाधानात ते सोडून देण्यात आले.

जपानला याची किंमत २०१०मध्येच कळली. जपान आणि चीन दोघेही हक्क सांगतात त्या सेन्काकू बेटांजवळ झालेल्या दोन्ही देशांच्या जहाजांच्या टकरीनंतर चीनकडून त्याला होणारा पुरवठा काही आठवडे अडला. जपानने त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसा घातला, तिच्या मलेशियातील शुद्धीकरण प्रकल्पाला आधार दिला आणि साठे केले. तरीही पंधरा वर्षांत त्याचे चीनवरील अवलंबित्व सुमारे ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या आसपासच आले. अमेरिकेने जुलै २०२५मध्ये माउंटन पास चालवणाऱ्या कंपनीत ४० कोटी डॉलर गुंतवले आणि निओडिमियम-प्रासिओडिमियम या मॅग्नेटमध्ये लागणाऱ्या जोडधातूंसाठी दहा वर्षे किलोमागे किमान ११० डॉलर भावाची हमी दिली. मला यातील भावाची हमी अधिक महत्त्वाची वाटते. चीनने भाव पाडले की नवा कारखाना तोट्यात जातो, आणि हमीशिवाय कोणी बँक अशा कारखान्याला दारात उभे करणार नाही.

आपल्या सरकारने नोव्हेंबर २०२५मध्ये वर्षाला ६,००० टन चुंबकांसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पाऊल योग्य आहे. पण अशा चुंबकात निओडिमियम-प्रासिओडिमियम या जोडधातूंचा वाटा साधारण ३० टक्के असतो, म्हणजे वर्षाला सुमारे १,८०० टन धातू लागेल आणि आयआरईएलचे आजचे उत्पादन त्याच्या जवळपासही नाही. वाळूपासून धातूपर्यंतचा टप्पा वाढला नाही, तर नवे कारखाने कच्चा माल पुन्हा चीनकडूनच मागतील.

प्रश्न : चीनला दोष देताना अमेरिकेनेही चिप्स अडवल्या, हे आपण का विसरतो? — एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : विसरू नये. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेने प्रगत चिप्स आणि त्या बनवण्याची यंत्रे चीनला देण्यावर कडक निर्बंध घातले, आणि परदेशी कंपन्यांनाही आपला नियम लावला. चीनने जुलै २०२३मध्ये गॅलियम व जर्मेनियम या चिप्समध्ये लागणाऱ्या धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट जाहीर केली. ऑक्टोबर २०२५मध्ये तर त्याने दुर्मिळ मृदा धातूंबाबत अमेरिकेसारखाच, देशाबाहेरही लागू होणारा नियम जाहीर केला; तो बुसानमधील ट्रम्प-शी भेटीनंतर १० नोव्हेंबर २०२६पर्यंत स्थगित झाला. सात धातूंवरील एप्रिल २०२५ची अट मात्र कायम राहिली. भारताने या दोघांपैकी कोणाच्या सद्भावनेवर विसंबून कारखाना उभारू नये.

प्रश्न : मी इंदूरमध्ये धातुशास्त्र शिकतो. या क्षेत्रात पुढे काय करता येईल? — एक विद्यार्थी

उत्तर : द्रावणाद्वारे धातू वेगळे करणे आणि धातूच्या पुडीचे तंत्र, या दोन गोष्टी मनापासून शिका. माणसे कमी आहेत ती येथेच. हैदराबादच्या संशोधन संस्थांत चुंबकांवर काम चालते आणि भोपाळला आयआरईएलचा दुर्मिळ मृदा व टायटॅनियमचा प्रकल्प आहे. आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा कणत्वरक आहे. इलेक्ट्रॉन फिरवणारे असे यंत्र चुंबकांच्या काटेकोर मोजमापाशिवाय चालतच नाही. ते मोजमाप कसे करतात हे पाहण्यासाठी महाविद्यालयामार्फत तेथे भेटीची परवानगी मागा.