जोसेफ व्हीलर आधी अमेरिकेविरुद्ध लढला आणि नंतर अमेरिकेचाच जनरल झाला, हे कसं काय?

प्रश्न बघून राहवलं नाही, या माणसावरून माझं आणि आमच्या साडूंचं चांगलंच वाजलंय.

आम्ही अलाबामात हंट्सव्हिलला असतो. जवळ डिकेटरला व्हीलर अभयारण्य आहे, नदीवरचं धरण व्हीलर, तलाव व्हीलर, सगळीकडे हाच बाबा. जानेवारीत साडूंना सँडहिल क्रेन दाखवायला नेलं. हजारोंनी पक्षी, राखाडी अंग, कपाळ तांबडं, आणि दिसायच्या आधी आवाज येतो, वंगण नसलेल्या बैलगाड्या एकदम निघाल्यात असा. साडूसाहेब थर्मासच्या झाकणात चहा ओतत सुरू झाले, "बघा, शत्रूलासुद्धा माफ करून जनरल केलं, याला म्हणतात मोठं मन!" माझं डोकंच फिरलं.

कसलं मोठं मन हो? १८६१ ते ६५च्या अमेरिकी यादवी युद्धात हा गुलामगिरीसाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडून, म्हणजे बंडखोरांकडून लढला. १८७२च्या कायद्याने बहुतेक बंडखोरांवरची सरकारी पदांची बंदी उठली, हा अलाबामातून काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून यायला लागला. १८९८ला स्पेनशी युद्ध लागलं, राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लेला उत्तर-दक्षिण एक झालेत हे दाखवायचं होतं, दिला ६१ वर्षांच्या म्हाताऱ्याला हुद्दा. क्यूबात समोर स्पॅनिश पळताना बघून हा जोशात 'यांकी पळाले' (यांकी म्हणजे उत्तरेचे, त्याचे जुने शत्रू) म्हणून ओरडला असं सांगतात, म्हणजे बघा.

आणि डिसेंबर १८६४चं काय? जॉर्जियात उत्तरेच्या जनरल शर्मनच्या फौजेमागून सुटलेले गुलाम चालले होते, बायका, म्हातारी, कडेवर पोरं. एबेनेझर क्रीक नावाच्या ओढ्याला फौज पलीकडे गेली आणि तरंगता पूल काढून घेतला. मागून व्हीलरचे घोडेस्वार. लोकांनी गारठ्यात पाण्यात उड्या मारल्या, कित्येक बुडाले, हाती लागले त्यातले बरेच परत गुलामीत. माफी वॉशिंग्टनने दिली, त्या बायांना विचारलं होतं का कुणी? तुम्हाला याच्याबद्दल वाचायचंच असेल तर लढाया नंतर, आधी हे वाचा. साडूंनाही तेच सांगितलं, तर म्हणे "पक्षी बघू द्या".

हां, पूल उत्तरेच्याच जेफरसन सी. डेव्हिस नावाच्या जनरलने काढला (दक्षिणेचा अध्यक्ष डेव्हिस तो वेगळा), तेवढं साडूंचं बरोबर. आणि घोडदळवाला म्हणून व्हीलर चांगलाच होता, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत २२ जणांत १९वा येऊनसुद्धा.

१९०६ला गेला, पुरला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय लष्करी दफनभूमीत. वॉशिंग्टनच्या कॅपिटलमध्ये, म्हणजे संसद भवनात, पुतळा आहे, तोही बंडखोरांच्या वर्दीत! मागच्या महिन्यात साडूंनी त्याच्यासोबतचा सेल्फी पाठवला. बघितला, निळी टिक जाऊ दिली, उत्तर दिलेलं नाही.