सहा मोटा, विहीर एक

प्रश्न : आम्ही २०२३ मध्ये पुण्याहून मिसिसागाला आलो. नवरा इथल्या एका मोठ्या बँकेत आहे आणि दर पगारातून तिचेच शेअर घेतो. शिल्लक वीस हजार डॉलर आहे, तीन वर्षांत घर घ्यायचंय. मैत्रीण म्हणते, कॅनेडियन बँकांचा कव्हर्ड कॉल ईटीएफ (बाजारात शेअरसारखा विकला जाणारा, अनेक शेअरचा फंड) घे, दरमहा पैसे येतात. सगळे घालू का? सांगलीचे बाबाही थोडे घालायचे म्हणतात.
– एक वाचक, मिसिसागा

उत्तर : ताई, सगळे नको. घराचे पैसे आधी बाजूला काढा. दोघांचं एफएचएसए खातं (पहिल्या घरासाठीचं करसवलतीचं खातं) उघडा, वर्षाला प्रत्येकी ८,००० डॉलरपर्यंत भरता येतात, आणि त्यात जीआयसी, म्हणजे मुदत ठेव, ठेवा. तीन वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात नसावाच. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये याच बँकांचे शेअर काही आठवड्यांत साधारण एक तृतीयांश उतरले होते.

बँका भक्कम आहेत, यात वाद नाही. २००८ च्या संकटात कॅनडाच्या सहा मोठ्या बँकांपैकी एकीनेही लाभांश कापला नाही. ईटीएफचा फायदाही खरा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये या सहांतल्या टीडी बँकेने अमेरिकेत मनी लाँडरिंगच्या खटल्यात गुन्हा कबूल केला, दंड सुमारे तीन अब्ज अमेरिकी डॉलर. बीएमओ बँकेच्या झेडईबी या ईटीएफमध्ये सहाही बँकांना सारखा वाटा असतो, त्यामुळे अशा घावाचा साधारण सहावा हिस्साच तुमच्यापर्यंत पोचतो.

पण मोटा सहा असल्या तरी विहीर एकच आहे. सगळ्यांचा मोठा धंदा कॅनडातल्या गृहकर्जांचा. इथे कर्जाचा दर बहुधा पाच वर्षांसाठीच ठरतो. २०२०-२१ मध्ये स्वस्तात घेतलेली कर्जं महाग दराने नव्याने बांधून घ्यावी लागतात. त्यात नोकऱ्या गेल्या, तर सहाही बँकांना एकदमच झळ लागेल. आणि तुमच्या घरात पगार बँकेचा, शेअर बँकेचे! वरून बचतही तिथेच ओतू नका. टीएसएक्स ६० चा (टोरांटो शेअर बाजारातल्या साठ मोठ्या कंपन्यांचा) एखादा फंड असेल, तर त्यातही बँका भरपूर असतात, तेही मोजा.

कव्हर्ड कॉलचं म्हणाल, तर बीएमओचाच तसा ईटीएफ झेडडब्ल्यूबी आपल्याकडच्या साधारण निम्म्या शेअरवर, ते ठरलेल्या भावाने विकत घेण्याचा हक्क दुसऱ्याला विकतो. जास्तीचे पैसे येतात ते तिथून. बाजार चढला की त्या भागावरची वरची कमाई तो दुसरा नेतो, पडला तर तोटा बहुतेक आपलाच. दहा हजारांवर व्यवस्थापन शुल्क वर्षाला सुमारे ६५ डॉलर, झेडईबीचं २५. आणि दरमहा पैसे झेडईबीतूनही येतातच. तुमच्या वयात मी साधा झेडईबीच घेईन, तोही घराचे पैसे सोडून उरलेल्यातला लहान भाग, टीएफएसएमध्ये (करमुक्त बचत खात्यात). मात्र त्यात पैसे भरायची मर्यादा वर्षावर्षाने साठत जाते, आणि तुमची मर्यादा योजना सुरू झाली त्या २००९ पासूनची नाही, २०२३ पासूनचीच आहे: त्या वर्षी ६,५००, पुढे २०२४ आणि २०२५ ला ७,०००. जास्त भरलंत तर जादा रकमेवर महिन्याला एक टक्का कर लागतो. मैत्रिणीची मर्यादा बघून आकडा ठरवू नका.

बाबांना टीएफएसएचा लाभ नाही. भारतातल्या रहिवाशाच्या लाभांशातून कॅनडा २५ टक्के कर आधीच कापतो. त्याची वजावट भारतात मागता येते, पण त्यांच्या वयात ही कागदपत्रं कशाला? त्यांची ठेव सांगलीतच राहू द्या.